मोजलेले, सांगितलेले, आठवलेले, लावलेले : शास्त्रातील संख्यांवरील पुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

५ मार्च २०२५, बुधवार

आज राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस. सकाळची उपासना झाल्यावर शरणपूर रस्त्यावर आमच्या अभ्यासगटाची बैठक झाली आणि पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, संख्यांवर मराठीत एक लहान पुस्तिका पुनरुत्थानाच्या सणापूर्वी (ईस्टरपूर्वी) तयार करायची, असे ठरले. मी निवृत्त गणितशिक्षक असल्यामुळे संपादनाचे काम माझ्याकडे आले. ही पात्रता आहे की अडचण, ते पुढे कळेल. गटात कॅथलिक व प्रोटेस्टंट अशा दोन्ही परंपरांची माणसे आहेत. हिब्रू भाषेची बाजू नाशिक रोडहून येणारे फादर सांभाळतील, जुन्या कराराचे संदर्भ संडे स्कूलच्या बाई तपासतील आणि टंकलेखन बाईंची सातवीत शिकणारी नात करील.

हे काम हाती घेण्याचे कारण साधे आहे. सात म्हणजे पूर्णता, बारा म्हणजे शासन, चाळीस म्हणजे परीक्षा, अशा याद्या सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत असतात आणि पाठही होतात. परंतु सातचा अर्थ पूर्णता कोणी ठरवला, कोणत्या वचनावरून ठरवला, हे त्या याद्यांत कधीच नसते. गणितात उत्तर बरोबर असूनही रीत लिहिली नसेल तर मी गुण कापत असे. तोच नियम येथे लावण्याचा विचार आहे.

बैठकीतच नातीने पहिली शंका काढली. आजपासून सणाच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे १९ एप्रिलपर्यंत, तिने बोटांवर दिवस मोजले, ते ४६ भरले. मग चाळीस दिवसांचा उपवासकाळ कसा म्हणायचा? मधले सहा रविवार वजा करावेत, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने त्या दिवशी उपवास धरत नाहीत, हे उत्तर तिला पटले. म्हणजे आमच्या पंचांगातली पहिलीच संख्या सरळ मोजून मिळत नाही, ती चाळीस व्हावी म्हणून मोजण्याचा नियम बेतलेला आहे. ही गोष्ट पुढे लक्षात ठेवावी.

९ मार्च, रविवार

चाळीसच्या नोंदी काढल्या. जलप्रलयाचा पाऊस चाळीस दिवस व चाळीस रात्री, मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस, हेर कनान देशात चाळीस दिवस, गल्याथाचे आव्हान चाळीस दिवस, एलीयाची होरेबापर्यंतची वाट चाळीस दिवस, योनाने निनवेला दिलेली मुदत चाळीस दिवस, येशूचा अरण्यातील उपवास चाळीस दिवस आणि पुनरुत्थानानंतर शिष्यांना दर्शन देण्याचा काळही चाळीस दिवस. यादी लांब झाली म्हणून अर्थ सिद्ध होत नाही, हे मी बैठकीत बोलून दाखवले तेव्हा बाई थोड्या नाराज झाल्या.

त्यांनीच मग गणना १४:३४ (गणना या पुस्तकाचा चौदावा अध्याय, चौतिसावे वचन) काढून वाचले. हेरांनी देश पाहण्यात चाळीस दिवस घालवले, म्हणून एका दिवसाला एक वर्ष या हिशेबाने लोकांनी चाळीस वर्षे अरण्यात भटकावे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. येथे वाचकाने काही जोडायचे नाही, मजकूर स्वतःच एका चाळीसवरून दुसऱ्या चाळीसकडे बोट दाखवतो. येशूच्या उपवासाचे मात्र असे नाही. तेथे कोणी ‘इस्राएलाप्रमाणे’ असे म्हणत नाही, पण अरण्य तेच, भूक तीच आणि सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरे अनुवाद या पुस्तकातून, म्हणजे अरण्यातल्या त्याच चाळीस वर्षांची उजळणी करणाऱ्या भाषणांतून घेतलेली आहेत. सांगितलेले नसले तरी आठवलेले नक्कीच आहे.

यावरून पुस्तिकेच्या तक्त्यात चार रकाने करायचे ठरले. पहिला ‘मोजलेले’, म्हणजे केवळ गणती. दुसरा ‘सांगितलेले’, म्हणजे ज्या संख्येचा अर्थ मजकूर स्वतः उघड करतो. तिसरा ‘आठवलेले’, म्हणजे मागची कथा मनात धरून वापरलेली संख्या. आणि चौथा ‘लावलेले’, म्हणजे पुढच्या काळातील वाचकांनी बसवलेला अर्थ. चौथा रकाना टाकाऊ नाही, पण तो चौथाच राहील.

लगेच एक भांडणही झाले. बेथेसदा तळ्यापाशी पडलेला माणूस ३८ वर्षे आजारी होता, असे योहान सांगतो. आणि अनुवाद २:१४ मध्ये कादेश-बर्ण्यापासून जेरेद ओढा ओलांडेपर्यंत इस्राएलास ३८ वर्षे लागली, असे आहे. बाईंना ही आठवण वाटते. मला योहानाच्या त्या अध्यायात अरण्याची एकही खूण सापडत नाही. तूर्त चौथ्या रकान्यात, पुढे प्रश्नचिन्ह.

१६ मार्च, रविवार

सातवर दोन तास गेले आणि तरी ते पुरले नाहीत.

सहा दिवस निर्मिती व सातव्या दिवशी विसावा, हे मूळ सगळ्यांना माहीत आहे. त्यावरूनच शब्बाथ, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याची आज्ञा आणि सात साते एकोणपन्नास वर्षांनंतरचे पन्नासावे, योबेल म्हणजे सुटकेचे, वर्ष निघते. लेवीय २५ मध्ये हा हिशेब गुणाकारासह दिलेला आहे. फादरांनी आठवण करून दिली की कॅथलिक मंडळीत २०२५ हे योबेल वर्ष म्हणून पाळले जात आहे. रोममधले पहिले योबेल १३०० साली झाले, आणि १४७५ पासून दर पंचवीस वर्षांनी ते येऊ लागले. शास्त्रातल्या पन्नासचे पंचवीस का झाले, याचे उत्तर शास्त्रात नाही. प्रत्येक पिढीला आयुष्यात एकदा तरी हे वर्ष लाभावे, ही त्यामागची सोय होती.

मला अधिक मोलाची वाटली ती फादरांनी सांगितलेली भाषेची गोष्ट. हिब्रूमध्ये ‘सात’ या अर्थाचा ‘शेबा’ आणि शपथ घेण्याचे क्रियापद यांची मुळाक्षरे एकच आहेत. उत्पत्ती २१ मध्ये अब्राहाम विहिरीच्या वादात अबीमलेखाला सात कोकरी साक्ष म्हणून देतो, दोघे शपथ घेतात आणि त्या जागेचे नाव बैर-शेबा पडते. त्याचा अर्थ सातांची विहीर असाही होतो आणि शपथेची विहीरही. तेव्हा सात म्हणजे नुसती पूर्णता नव्हे, त्या संख्येत दिलेल्या वचनाचा भार आहे. सप्तपदीची सवय असलेल्या मराठी माणसाला सात आणि वचन यांचे नाते परके वाटू नये. एक दुसऱ्यापासून आले असे म्हणण्याचा मात्र काही आधार नाही, म्हणून हे वाक्य पुस्तिकेत न घेता येथेच ठेवतो.

यरीहोभोवतीचे सात याजक, सात कर्णे व सातव्या दिवशीच्या सात फेऱ्या, यार्देनेत नामानाने मारलेल्या सात बुड्या, प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातील सात मंडळ्या, सात शिक्के, सात कर्णे व सात वाट्या एवढे थोडक्यात घेतले. प्रकटीकरणात हा शब्द पन्नासहून अधिक वेळा येतो. तेथे प्रत्येक सातला वेगळा अर्थ शोधणे म्हणजे भजनातल्या टाळाच्या प्रत्येक ठोक्याचा अर्थ विचारण्यासारखे आहे.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमीमुळे बैठक झाली नाही. जुन्या नाशकात रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडल्या होत्या, रस्ते बंद होते. घरी बसून तक्ता स्वच्छ लिहून काढला.

२३ मार्च, रविवार

आजची नोंद एका टंकलेखनाच्या चुकीतून निघाली. मत्तय १८ मध्ये पेत्र विचारतो, भावाने अपराध केल्यास किती वेळा क्षमा करावी, सात वेळा काय? येशूच्या उत्तराचे मराठी वाचकाच्या कानात बसलेले रूप ‘साताच्या सत्तर वेळा’ असे आहे, म्हणजे ४९०. इतर काही भाषांतरांत मात्र ७७ वेळा असे आढळते. मी नातीला फोनवरून ‘सत्याहत्तर’ असे सांगितले आणि तिने ६७ असे टाइप केले. मी चूक दाखवली तेव्हा ती म्हणाली, “सर, सत्तर सात म्हणा ना, आम्हाला तसेच शिकवले आहे.” २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात जोडाक्षरी संख्यानामांबरोबर ‘सत्तर सात’ अशा वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर झालेल्या वादात मीही तावातावाने बोललो होतो. ही मुलगी त्याच वर्षी दुसरीत होती. मी नाइलाजाने ‘सत्तर सात’ म्हणालो, तर तिचा पुढचा प्रश्न आला : “सत्तर अधिक सात की सत्तर गुणिले सात?”

संध्याकाळी फादरांना हे सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले की भाषांतरकारांचा प्रश्न नेमका हाच आहे. मत्तयाच्या ग्रीक मजकुरात अक्षरशः ‘सत्तर-वेळा सात’ असे शब्द आहेत. त्यातून बेरीजही निघते आणि गुणाकारही. निवाडा कसा करायचा? त्यासाठी मागे उत्पत्ती ४:२४ पर्यंत जावे लागते. तेथे काइनाचा वंशज लामेख आपल्या बायकांपुढे बढाई मारतो की काइनाबद्दल सातपट सूड घेतला जाईल, तर लामेखाबद्दल सत्याहत्तरपट. हिब्रूमध्ये तेथे ७७ स्पष्ट आहे, आणि जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात त्या जागी तेच शब्द आहेत जे मत्तयाने येशूच्या तोंडी दिले आहेत.

एवढे समोर आल्यावर बैठकीत कोणीच काही वेळ बोलले नाही. पेत्र सात म्हणतो, उत्तरात सत्याहत्तर येते. काइन सात, लामेख सत्याहत्तर. सूड ज्या मापाने वाढत गेला त्याच मापाने क्षमा वाढावी, असे हे उत्तर आहे, आणि ४९० म्हटले की ही आठवण तुटते. गुणाकार मोठा असूनही अर्थ लहान होतो. ‘असे सतराशे साठ पाहिले’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला मोठा आकडा मोजणीसाठी नसतो हे वेगळे सांगायला नको. परंतु सतराशे साठच्या जागी आपण सतराशे पन्नास म्हणत नाही, कारण ऐकणाऱ्याला नेमका तोच आकडा ओळखीचा असतो. येथेही तसेच आहे. ‘आठवलेले’ या रकान्याचा हा सर्वांत पक्का नमुना. त्याला पूर्ण दोन पाने दिली.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा असूनही बरीच मंडळी आली. विषय बारा.

नाशिकात बारा म्हटले की सिंहस्थ आठवतो, आणि त्या बाराचे मूळ आकाशात आहे : गुरू ग्रहाला राशिचक्राची एक फेरी पुरी करायला जवळजवळ बारा वर्षे लागतात. शास्त्रातील बारा घरातून येते, याकोबाच्या बारा मुलांपासून. गंमत अशी की ही बारा नावे कायम नाहीत. उत्पत्ती ४९ मध्ये लेवी व योसेफ यादीत आहेत. गणना १ मध्ये लेवीला वगळले आहे आणि योसेफाच्या जागी एफ्राइम व मनश्शे असे दोन वंश धरले आहेत. प्रकटीकरण ७ मध्ये लेवी परत येतो, योसेफाबरोबर मनश्शेही असतो आणि दान मात्र गायब आहे. नावे बदलतात, बेरीज हलत नाही. ‘सगळे इस्राएल’ या अर्थाचे ते नाव आहे, म्हणूनच येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत गेल्यावर प्रेषितांची कृत्ये १ मध्ये चिठ्ठ्या टाकून मत्थियाला निवडतात. अकरा प्रेषितांनी काम अडले असते म्हणून नव्हे.

प्रकटीकरणातील शिक्का मारलेले १,४४,००० लोक हे बारा गुणिले बारा गुणिले हजार आहेत आणि वंशागणिक बारा हजारांची यादीच तेथे असल्याने ते ‘सांगितलेले’ या रकान्यात गेले. भाकरींच्या दोन चमत्कारांनंतर उरलेल्या बारा आणि सात टोपल्या यांविषयी मार्क ८ मध्ये येशू स्वतः शिष्यांना आकडे विचारतो, त्यांच्याकडून ते वदवून घेतो आणि मग म्हणतो, अजून तुमच्या लक्षात येत नाही काय? उत्तर देत नाही. आमच्याही तक्त्यात तो चौकोन अर्धा रिकामा आहे.

२ एप्रिल, बुधवार

आज नावांची बेरीज. हिब्रू आणि ग्रीक लिपींत अंकांसाठी वेगळ्या खुणा नव्हत्या, अक्षरांनाच मूल्य होते; त्यामुळे प्रत्येक नावाची बेरीज निघू शकते. आपल्याकडे कटपयादी पद्धतीत अक्षरांवरून अंक काढतात, तेव्हा कल्पना नवी नाही.

मत्तयाच्या पहिल्या अध्यायात अब्राहामापासून दावीदापर्यंत चौदा पिढ्या, तेथून बाबेलच्या देशांतरापर्यंत चौदा आणि पुढे ख्रिस्तापर्यंत चौदा, असे सतराव्या वचनात मोजून सांगितले आहे. दावीद हे नाव हिब्रूत दालेथ, वाव, दालेथ असे लिहितात : ४ + ६ + ४ = १४. मी फळ्यावर नावे मोजली. मधल्या गटात योराम व उज्जीया यांच्यामध्ये अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे वगळलेले आहेत, आणि शेवटच्या गटात यखन्याला दुसऱ्यांदा धरल्याशिवाय तेराच नावे भरतात. परीक्षेच्या पेपरात मी हे चूक ठरवले असते. येथे मात्र उपवासकाळाच्या चाळीस दिवसांसारखाच प्रकार आहे : लेखकाला चौदा हवेत, कारण त्याला प्रत्येक गटातून दावीद ऐकू यायला हवा आहे. चौदाची मोजणी ‘सांगितलेले’ मध्ये, दावीदाची बेरीज ‘आठवलेले’ मध्ये.

६६६ हा आकडा भीतीमुळे फार ताणला जातो. प्रकटीकरण १३:१८ मध्ये ती माणसाची संख्या आहे, ज्याला बुद्धी आहे त्याने तिचा हिशेब करावा, असे म्हटले आहे. म्हणजे बेरीज करण्याचे आमंत्रण खुद्द मजकुराने दिले आहे. ‘नेरोन कैसर’ हे रोमी सम्राट नेरोचे नाव हिब्रू अक्षरांत लिहिले तर ५० + २०० + ६ + ५० + १०० + ६० + २०० = ६६६ होतात. काही प्राचीन प्रतींत ६१६ असा पाठ आहे, आणि दुसऱ्या शतकातील धर्मलेखक आयरेनियसला तो माहीत होता, त्याने तो नाकारला. नेरोनमधील शेवटचा ‘न’ काढून लॅटिन पद्धतीने नेरो लिहिले की ५० कमी होऊन नेमके ६१६ उरतात. दोन्ही पाठ एकाच माणसाकडे जातात, हा मला या अर्थाचा सर्वांत चांगला पुरावा वाटतो. गाडीच्या क्रमांकात किंवा बारकोडमध्ये हा आकडा शोधणाऱ्यांसाठी पुस्तिकेत एक ओळही खर्च केलेली नाही.

६ एप्रिल, रविवार

१५३ मासे. योहान २१:११ मध्ये जाळ्यात इतके मोठे मासे होते आणि तरी जाळे फाटले नाही, असे आहे. संत जेरोमने लिहिले की प्राणिशास्त्र जाणणाऱ्यांच्या मते माशांच्या जाती १५३ आहेत, म्हणजे सर्व जातीची माणसे जाळ्यात आली. संत ऑगस्टीनने १ पासून १७ पर्यंत बेरीज केली, ती १५३ आली. आणि १७ म्हणजे दहा आज्ञा अधिक आत्म्याची सात दाने. बेरीज बिनचूक आहे आणि माझ्यातल्या शिक्षकाला ती फार आवडली, म्हणूनच तिच्याविषयी सावध झालो.

अशा संख्यांना त्रिकोणी संख्या म्हणतात आणि हजाराच्या आत त्या ४४ आहेत. ६६६ ही १ ते ३६ यांची बेरीज आहे. (छत्तीसचा आकडा! पण तो विनोद देवनागरी ३ आणि ६ यांनी एकमेकांकडे पाठ फिरवल्यामुळे जमतो, पात्म बेटावरील योहानाला तो ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही.) आणि प्रेषित पौल ज्यात होता त्या फुटलेल्या तारवात (जहाजात) २७६ माणसे होती, असे प्रेषितांची कृत्ये २७:३७ सांगते, हीदेखील १ ते २३ यांची बेरीज आहे. २७६ मध्ये कोणी गूढार्थ शोधताना मला आढळले नाही, कारण ती तारवावरची शिरगणती आहे. त्रिकोणी असण्याने अर्थ येतो असे धरले तर येथेही आला पाहिजे. २७६ ‘मोजलेले’ मध्ये, ऑगस्टीनची बेरीज ‘लावलेले’ मध्ये. मासळी वाटून घेणारे कोळी मासे मोजतातच, या बाईंच्या म्हणण्याला मात्र गटात कोणी उत्तर देऊ शकले नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

मोबाईलवर नेहमीचा संदेश पुन्हा आला : स्तोत्र ११८ हा शास्त्राचा मध्य, त्याच्या अलीकडे ५९४ आणि पलीकडे ५९४ अध्याय. नातीला मोजायला बसवले. प्रोटेस्टंट परंपरेच्या ६६ पुस्तकांत एकूण १,१८९ अध्याय आहेत. उत्पत्तीपासून इयोबापर्यंत ४७८ होतात, तेव्हा ५९५ वा अध्याय स्तोत्र ११७ आहे. संदेश एका अध्यायाने चुकला. कॅथलिक परंपरेच्या ७३ पुस्तकांत मध्य आणखी कोठे सरकतो. मुळात अध्याय तेराव्या शतकाच्या सुमारास पाडले गेले आणि नव्या कराराची आजची वचनसंख्या १५५१ सालची आहे, त्यामुळे अध्यायांच्या क्रमांकात गुप्त अर्थ शोधणे व्यर्थ आहे.

मोजता मोजता नात मध्येच थांबली आणि तिने वही पुढे केली : उत्पत्ती ५०, निर्गम ४०, लेवीय २७, गणना ३६, बेरीज १५३. आणि पुस्तकाचे नावच गणना! हा योगायोग पुस्तिकेत छापायचाच, असे एकमताने ठरले, इशारा म्हणून.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

शुक्रवारी मृत्यू आणि रविवारी पहाटे पुनरुत्थान, मग तीन दिवस कसे? आपल्याकडे बारसे जन्माचा दिवस धरून बाराव्या दिवशी येते आणि रामकुंडावर दशक्रियाही मृत्यूचा दिवस धरूनच मोजतात. शुक्रवार, शनिवार, रविवार हे याच रीतीने तीन आहेत. मत्तय १२:४० मधील ‘तीन दिवस व तीन रात्री’ या शब्दांसाठी फादरांनी एस्तेर राणीचा दाखला दिला : ती तीन दिवस, रात्रंदिवस उपवास सांगते आणि तिसऱ्याच दिवशी राजापुढे उभी राहते.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील तासही याच बैठकीत झाले; त्यात अकराव्या तासाला आलेल्या मजुरांनाही मालक पूर्ण दिवसाची मजुरी देतो. दिवस उगवल्यापासून मोजायचे, म्हणजे अकरावा तास संध्याकाळी पाचच्या सुमारास येतो. सध्या मळ्यांत काढणीचा हंगाम आटोपत आला आहे. दिंडोरीकडून येणारे एक सभासद म्हणाले, पाच वाजता मजूर आला तर त्याला घड कापायला नव्हे, क्रेट उचलायलाच लावतात. त्यामुळे पूर्ण मजुरीचा धक्का आम्हाला अधिक नीट कळला.

१७ एप्रिल, गुरुवार

मुद्रिते आली. छापखान्यात जुना फाँट बदलताना तक्त्यातील सगळे देवनागरी ७ नाहीसे होऊन त्या जागी रिकामे चौकोन उमटले आहेत. सातवरच्या प्रकरणात ते फार जाणवते. बाईंनी प्रत्येक चौकोन शाईने भरला आणि भरलेले आकडे शेवटी मोजलेही, पण किती ते सांगितले नाही.

१९ एप्रिल, शनिवार

दुरुस्त प्रती दुपारी मिळाल्या, उद्या पहाटेच्या उपासनेनंतर वाटायच्या आहेत. ३८ वर्षांपुढील प्रश्नचिन्ह तसेच आहे. बाईंनी पेन्सिलीने त्याच्याखाली आपले नाव लिहिले आहे. पुस्तिकेची पाने २४ भरली. प्रकटीकरणात सिंहासनाभोवती २४ वडील बसलेले आहेत, हे उद्या कोणीतरी नक्कीच काढील. कागदाच्या घडीमुळे पाने चारच्या पटीत येतात, आणि २८ करण्याइतका मजकूर आमच्याकडे नव्हता.